क्लचमधली हवा

११ नोव्हेंबर, मंगळवार

गाडी अखेर अन्सारच्या गॅरेजात नेऊन लावली. महागावच्या शाळा बचाव सभेला मी स्वतः गाडी चालवत येणार, असं संयोजकांना कळवून बसलो आहे. सभा २१ डिसेंबरला.

डॉजचा क्लच आता दाबला जात नाही. परवा बाजारातून येताना दुसरा गिअर टाकायला दोन्ही हातांनी मांडी खाली रेटावी लागली. अन्सार म्हणतो, पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंतचे सगळे लोखंडी दांडे झिजले आहेत, ताकद मधल्यामधेच जिरते. गाडी माझ्यापेक्षा थोडीच लहान. कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजींनी भंगारात काढली तेव्हा मी घेतली आणि तिच्यातून अख्खा जिल्हा पालथा घातला. राळेगावपासून उमरखेडपर्यंत लोक माझ्याआधी तिचा आवाज ओळखतात.

अमरचा पुण्याहून फोन आला होता. चिरंजीवांचं जुनंच पालुपद: बाबा, ड्रायव्हर ठेवा. मी जुनंच उत्तर दिलं. तरुणपणी एका पुढाऱ्याचं समतेवरचं भाषण ऐकायला गेलो होतो. आत टाळ्या पडत होत्या आणि बाहेर त्याचा ड्रायव्हर भर उन्हात, तापलेल्या गाडीत, उपाशी बसला होता. त्या दिवशी ठरवलं, मी आत बोलत असताना बाहेर कुणी माणूस माझी वाट पाहत बसणार नाही. ही गोष्ट मी शेकडो सभांमध्ये सांगितली आहे. तो नेम मोडायचा असेल तर बोलणंच सोडलेलं बरं.

फोन ठेवल्यावर लीला म्हणाली, गुडघ्याला तेल लावून देऊ का? मी म्हटलं, गुडघा ठीक आहे, गाडी म्हातारी झाली आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अन्सारने तोडगा काढला आहे. दांडे काढून टाकायचे आणि तेलावर चालणारा क्लच बसवायचा. पेडलखाली जीपचा मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सजवळ दुसरा छोटा सिलिंडर, मधे पातळ नळी, नळीत ब्रेक ऑइल. वरून पायाने तेल ढकललं की खाली क्लच सुटतो. पेडल लोण्यासारखं होईल म्हणतो.

हा अन्सार लीलाचा विद्यार्थी. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत होती तेव्हा चौथीत होता. तिला अजून 'बाई' म्हणतो आणि तिच्यासमोर तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकून येतो. माझ्यासमोर थुंकत नाही.

मी त्याला पास्कलचा नियम समजावून सांगितला. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. म्हटलं, अन्सार, लोकशाहीची याहून चांगली व्याख्या मी वाचलेली नाही. टोकाच्या पाड्यावरच्या माणसाने दाब दिला तर तो मुंबईपर्यंत तसाच पोचला पाहिजे. त्याने ऐकून घेतलं, पाना पुसला आणि म्हणाला, "पोचते सर. आत हवा नसली तं."

हवेचा एक फुगा राहिला तरी पाय फुगाच दाबत बसतो, तेल हलतच नाही, असं त्याचं म्हणणं. उपमा वाईट नाही. सभेत वापरता येईल.

घरी आलो तर डावी चप्पल पायात नव्हती. फाटकाजवळ सापडली. समोरच्या गल्लीतल्या त्या पिवळ्या कुत्र्याचं काम. तिसऱ्यांदा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सिलिंडर बसले, पण पेडलची दांडी आखूड निघाली. अन्सारने जीपच्या मापाने कापली होती. स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला आणि पुन्हा कापायला बसला. मी तीन तास बाकावर. पूर्वी तीन तासांत पाच माणसं गोळा करून मी तिथेच सभा घेतली असती. आज कुणाशी बोलावंसंच वाटलं नाही. गॅरेजच्या फाटकाशी धुरपताबाई पेरूची हातगाडी लावते, तिच्याकडून एक पेरू घेतला आणि अर्धाच खाल्ला.

थकवा हल्ली सकाळपासूनच सोबत असतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज हवा काढायची होती. एकट्याचं काम नव्हे. एकाने पेडल चारदा मारून तळाशी दाबून धरायचं. दुसऱ्याने गाडीखाली निजून छोट्या सिलिंडरचं हवा सोडायचं निपल सैल करायचं. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. खालच्याने निपल आवळलं की मगच वरच्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेरची हवा पुन्हा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून.

पेडलवर मी बसलो. पायाखालची फळी काढलेली होती, त्यामुळे खाली अन्सारचं तोंड दिसत होतं. तो खालून ओरडायचा, मारा, मारा, धरा. मी धरत होतो आणि मधल्या वेळात त्याला महागावच्या भाषणाचा आराखडा सांगत होतो. वीस मुलांची शाळा बंद करणं म्हणजे वीस घरांचे दिवे विझवणं, इथपर्यंत आलो होतो.

दुपार गेली तरी पेडल फुसकंच. शेवटी अन्सार खालून म्हणाला, "सर, भाषण महागावात द्या. इथं फक्त दाबा. बोलता बोलता पाय उचलता तुमी."

मी पाय उचलला नव्हता. तसं सांगितलं. त्याने पुन्हा निपलाला पाना लावला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज मधे एक शब्द बोललो नाही. दात आवळून बसलो. तो विचारायचा, सर, धरलं ना? मी म्हणायचो, धरलं. पुन्हा विचारायचा, पक्कं? पक्कं. आणि तरी हवा.

पाचव्या खेपेनंतर अन्सार बाहेर आला. हात पुसत दाराशी उभा राहून बराच वेळ खाली पाहत होता. मग दुसरीकडे बघत म्हणाला की मास्टर सिलिंडरचे रबरी सील गेले असतील, नांदेडहून नवा सिलिंडरच मागवतो.

मी चिडलो. बाजारातल्या बनावट मालावर, तपासणी खात्यावर, नफेखोरीवर पुष्कळ बोललो. धुरपताबाई आणि तिची दोन गिऱ्हाइकं ऐकत उभी राहिली. बरं वाटलं, पण नंतर दम लागला.

लीला डबा घेऊन आली होती. निघताना ती आणि अन्सार फाटकाशी काहीतरी बोलत होते. मला पाहून थांबले. चहात साखर किती, यावरून असणार. माझ्या चहावर हल्ली सगळ्यांचं लक्ष असतं.

१ डिसेंबर, सोमवार

भाषण लिहायला बसलो आणि उठलो. साठ वर्षं बोलतो आहे, कधी कागद लागला नाही. आता पहिलं वाक्य येतं, दुसरं कुठे तरी बसून राहतं.

लीलाने न विचारता टाचेमागे पट्टा असलेले सँडल आणले. शाळेतली पोरं घालतात तसे. मी म्हटलं, चपलेचा बंदोबस्त करण्यापेक्षा कुत्र्याचा कर. दुपारी काठी घेऊन त्याला गल्लीच्या टोकापर्यंत हाकललं. तो मोठ्या अपराध्यासारखा पाहत होता. सँडल घातले, तिच्या समाधानासाठी.

४ डिसेंबर, गुरुवार

झालं! नवा सिलिंडर आला आणि हवा निघाली.

मी पेडलवर बसायला गेलो तेव्हा अन्सार म्हणाला, सर, तुमी बॅटरी धरा, मले खाली अंधार आहे. आणि लीलाकडे वळून, "बाई, तुमी बसा बरं जराशा." लीला इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्टिअरिंगमागे बसली. पदर खोचला, चष्मा सारखा केला, आणि चौथीच्या वर्गावर नजर ठेवावी तशी समोर पाहत राहिली. मारा, धरा, सोडा. तीन खेपा, आणि पेडल टणक.

मी म्हटलं, पाहिलंस? दोष सिलिंडरचा होता. अन्सारने मान हलवली. लीला उतरली आणि हात धुवायला गेली.

फडक्यात गुंडाळलेले जुने दांडे मागच्या डिकीत ठेवायला सांगितले. इतकी वर्षं चाललेलं लोखंड भंगारात द्यायचं नाही.

८ डिसेंबर, सोमवार

आज अक्षर वाकडं येतं.

आज गाडी आणायला गेलो होतो. लीला नेहमीसारखी शेजारच्या सीटवर. पेडल इतकं हलकं की तळव्याखाली काही आहे असं वाटेचना. आवारात दोन फेऱ्या मारल्या. अन्सार हसून टाळ्या वाजवत होता. मग फाटकाशी आलो. रस्त्यावरून एस.टी. येत होती म्हणून थांबलो. गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबून, उजवा पाय ब्रेकवर. एस.टी. गेली. ब्रेक सोडला, क्लच दाबलेलाच होता, आणि गाडीने उडी मारली.

मी क्लच सोडला नव्हता. ही ओळ दोनदा लिहून पाहतो. मी क्लच सोडला नव्हता.

हातगाडी आडवी झाली. पेरू रस्ताभर. धुरपताबाई हातगाडीच्या पलीकडे स्टुलावर बसली होती, ती मागच्या मागे पडली. बंपर तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबला, इंजिन बंद पडलं म्हणून. मी उतरून तिच्याजवळ जाईपर्यंत लीला तिथे पोचलेली होती.

धुरपताबाई लुगडं झटकत उठली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "सर, भाषणात सरकारले थांबोता. पह्यले गाडी थांबवा न."

लोक हसले. मी हात जोडले. लीला एकेक पेरू पुसून टोपलीत ठेवत होती.

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळीच अन्सारकडे गेलो. रिक्षाने. म्हटलं, हे तेलबिल काढ आणि जुने दांडे परत लाव. जुनं पेडल उलटं ढकलायचं, ते गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत कळायचं. त्रास द्यायचं, पण आहे हे सांगायचं. हे नवीन काहीच सांगत नाही. माणसाला फसवतं. मी आवाज चढवला. तुझ्या या क्लचने काल एक बाई मेली असती, असंही म्हणालो.

अन्सार ऐकत होता. माझं संपल्यावर त्याने बाक पुसून मला बसवलं आणि स्वतः समोर उकिडवा बसला.

"सर, काल तुमचा पाय पेडलवर नव्हता. तुमाले फक्त वाटलं, का होता."

मी म्हटलं, काय बोलतोस?

"हवा काढतानी मी खालून पाहून राह्यलो होतो. तुमी म्हनत होते धरलं, धरलं, अन् पाय हळूच वर येत होता. चप्पल पेडलवर, पाय बाजूले. तुमाले पत्ताच नाही. मले वाटलं, पेडल हलकं झालं तं निभून जाईन. म्हनून बोललो नाही. माह्यी बी चूक हाय."

तो आणखी काही सांगत होता. मी मनाने त्या चपलेपाशीच थांबलो होतो.

संध्याकाळी लीलाला विचारलं, तुला माहीत होतं? ती भाजी निवडत होती. म्हणाली, दिवाळीच्या आधीपासून. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? तिने मेथीची जुडी संपवली आणि मग म्हणाली, "डॉक्टरकडे चला म्हणून किती वेळा म्हटलं. दर वेळी तुमची कुठे ना कुठे सभा."

१२ डिसेंबर, शुक्रवार

डॉक्टर तरुण आहे, मितभाषी. डोळे मिटायला सांगितले. म्हणाला, मी तळव्याला धाग्याने स्पर्श करीन, कळलं की 'हो' म्हणा. मी डोळे मिटून वाट पाहत बसलो की हा सुरू कधी करतो. बराच वेळ गेला. उघडून पाहिलं तर तो टेबलाशी बसून लिहीत होता. झालं होतं.

उजव्या पायाचं तितकं नाही, डावा तळवा मात्र बराचसा गेला. साखर वर्षानुवर्षं वाढलेली, मज्जातंतू मेलेले. गोळ्यांनी पुढचं थोपेल, गेलेलं परत येणार नाही. गाडी चालवायची नाही, रोज पाय तपासायचे, कारण जखम झाली तरी कळणार नाही. त्याने हे आवाज न चढवता सांगितलं. एवढ्या थोड्या शब्दांत मला आजवर कुणी गप्प केलेलं नाही.

गुडघ्याला दोष देत राहिलो, गाडीला दिला, सिलिंडरला दिला.

येताना ते पिवळं कुत्रं कोपऱ्यावर होतं. मला पाहून लांब झालं. बिस्किटाचा पुडा घेऊन फोडला, पण ते जवळ आलं नाही. तिथेच ठेवून आलो.

१७ डिसेंबर, बुधवार

काल महागावला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, गाडी पाठवतो, ड्रायव्हरसकट. मी म्हटलं, तेच तर जमत नाही. त्यांना काही समजलं नाही. एस.टी.ने जाईन म्हटलं असतं, पण सभा संध्याकाळी, आणि परतीच्या गाडीची वाट पाहत स्टँडवर उभं राहायचं बळ आता माझ्यात नाही. हे वाक्य सहज लिहून गेलो. सहा महिन्यांपूर्वी लिहिलं नसतं.

आज अन्सार घरी आला, डॉज घेऊन. बंपर सरळ केलेला, रंगाचा हात मारलेला. रविवारी किती वाजता निघायचं, असं विचारलं. मी म्हटलं, मी जात नाही. आणि ड्रायव्हरबद्दलचं माझं मत तुला माहीत आहे.

"मी कुठं ड्रायव्हर हाय? मी मिस्तरी. क्लच नवा हाय, लांबची ट्रायल घ्या लागते. तुमी बसा सोबत."

मी म्हटलं, आणि मी आत बोलत असताना तू बाहेर बसणार.

"कायले बसू बाहेर? आत येऊन ऐकीन. नाही आवडलं तं उठून जाईन, मंग तोंड पाहू नका माह्यं."

मला हसू आलं, किती दिवसांनी. युक्तिवादात खोट सापडली नाही. लीलाने आतून विचारलं, डबा तिघांचा करू ना?

२२ डिसेंबर, सोमवार

काल महागाव झालं. अंग मोडून आलं आहे, पण लिहून ठेवतो.

अन्सार चालवत होता, मी त्याच्या शेजारी, लीला मागे. डावीकडच्या सीटवर मी कधी बसलोच नव्हतो. तिची एक स्प्रिंग वर आली आहे, बरोबर पाठीच्या खाली टोचते. वाटभर सरकत होतो. मागे वळून विचारलं, ही केव्हापासून अशी?

"पहिल्यापासून."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. तुम्ही बोलत होतात."

अन्सार रस्त्याकडे फार लक्ष देऊन पाहू लागला. दाराच्या कप्प्यात हात गेला तर एक हातपंखा, शेंगदाण्याची पुडी आणि विणायच्या सुया सापडल्या. सभा लांबल्यावर वेळ घालवायला तिला बरं पडत असेल. गर्दी तिला कधी सोसली नाही. ती गाडीतच बसते, तिला तेच आवडतं.

पोचल्यावर मी उतरलो, अन्सार उतरला. लीलाने सवयीने काच खाली केली आणि सुया मागितल्या. अन्सार दार उघडून उभा राहिला. म्हणाला, "चाला बाई. मी आत अन् तुमी गाडीत, हे बरं नाही दिसत." ती माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हटलं, चल, बसून पाहा, नको वाटलं तर ये परत. ती उतरली.

भाषण झालं. पूर्वीसारखं नाही, पण झालं. मंचावर चढताना पायरी नजरेने शोधावी लागली. खुर्चीला धरून बोललो. हवेच्या फुग्याची उपमा लोकांना आवडली. बंद पडणाऱ्या शाळांबद्दल बोललो, शिक्षकांबद्दल बोललो आणि शेवटाला नेहमीची गोष्ट घेतली, आतल्या टाळ्यांची आणि बाहेर उन्हात वाट पाहणाऱ्या ड्रायव्हरची. जोरात टाळ्या आल्या. तिसऱ्या रांगेत अन्सार होता, तो टाळ्या वाजवत नव्हता. लीलाकडे पाहत होता. लीला मांडीवरच्या पर्समध्ये काहीतरी शोधत होती. गोष्ट तिच्यासाठी नवी नाही, तरी एवढी माणसं डोळे पुसत असताना तिने वर पाहायला हवं होतं.

परत येताना तुरीच्या शेतांवरून गार वारा येत होता. मीच विचारलं, कसं झालं?

लीला म्हणाली, "चांगलं झालं. आवाज वेगळा येतो आतून."

"म्हणजे?"

"गाडीत ऐकायचे तेव्हा कर्ण्यातून यायचा. मोठा यायचा. वाटायचं, यांना काही होत नाही." पदर सारखा करत म्हणाली, "आज समोर बसले तर दिसलं, किती दमता तुम्ही."

मग तिनेच पुढे वाकून अन्सारला सांगितलं, पुढच्या वेळी दरवाज्याजवळची जागा धर, तिथे वारा लागतो. तो म्हणाला, धरतो बाई.

टोचत होतं म्हणून मी उशी मागितली. तिने स्वतःच्या पाठीमागची काढून दिली. जुनी आहे, मधोमध दबलेली, नेमकी त्या स्प्रिंगच्या मापाची. ती मी घरी आणलीच नाही, सीटवरच ठेवली आहे. उद्या अन्सारला सांगायचं, ती स्प्रिंग बदल.